औषध अजून तयार व्हायचंय

मामांचा पेट स्कॅन, म्हणजे इंजेक्शन देऊन शरीराच्या आतलं चित्र काढायची तपासणी, सकाळी नऊला ठरला होता. आदल्या रात्रीपासून उपाशी, चहाचा घोटसुद्धा नाही. साखर तपासून झाली, हाताला सुई लावून झाली, आणि मग नुसतं बसणं. साडेदहाला आतून तंत्रज्ञ बाहेर आला आणि सगळ्यांकडे एकदम बघत म्हणाला, "सकाळची बॅच लागली नाही. पाणी राहिलं होतं. दुसरी लावलीय, औषध अजून तयार व्हायचंय."

मामांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. गाडी उशिरा का सुटते याची शंभर कारणं त्यांना तोंडपाठ. पण औषध तयार व्हायचंय? "अरे, चिठ्ठी घे आणि खालच्या मेडिकलमधनं आण की," ते मला हळूच म्हणाले. "आणि पाणी राहिलं म्हणजे काय? चक्का बांधलाय का यांनी?"

मी रसायनशास्त्राचा माणूस. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काही वर्षं माझा हाच उद्योग होता, रेणूला फ्लोरिन जोडायचा. त्यामुळे मामांची चक्क्याची उपमा मला इतकी चपखल वाटली की पुढचे दोन तास मी त्यांचं डोकं खाल्लं. फ्लोराइडमधलं, म्हणजे ऋणभार घेतलेल्या फ्लोरिनमधलं, पाणी काढणं हे खरोखरच चक्का बांधण्यासारखं काम आहे, फक्त घड्याळ लावून करायचं.

मामांना जे इंजेक्शन द्यायचं होतं ती मुळात साखर. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात. त्यातल्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जी जोडी असते ती काढून तिथे फ्लोरिनचा एक अणू बसवला की तयार होतं एफडीजी. हा फ्लोरिन मात्र साधा नाही. निसर्गात टिकून राहणारा फ्लोरिन एकाच प्रकारचा, वस्तुमान १९. इंजेक्शनमधला असतो १८ चा, म्हणजे पोटात एक न्यूट्रॉन कमी, आणि तो फार काळ तग धरत नाही. ११० मिनिटांत निम्मे अणू मोडतात. पुढच्या ११० मिनिटांत उरलेल्यातले निम्मे.

"मामा, मुंबईहून नाशिकला गाडीला किती वेळ लागतो?"

"कसाऱ्यात अडकली नाही तर पावणेचार तास."

"मग मुंबईत शंभर रुपयांचं हे औषध गाडीत ठेवलं, तर नाशिकला पंचवीस रुपयांचं उतरेल."

मामांनी मान हलवली. हा हिशेब त्यांना कळला. हे औषध कपाटात ठेवता येत नाही, काल करून आज वापरता येत नाही. रोज पहाटे तळघरातलं सायक्लोट्रॉन सुरू होतं. त्यातून वेगानं सोडलेले प्रोटॉन पाण्याच्या काही मिलिलिटरवर आदळतात. हे पाणीही खास असतं. त्यातला ऑक्सिजन वस्तुमान १८ चा हवा, आणि निसर्गातल्या ऑक्सिजनमध्ये असे अणू हजारात दोनच, त्यामुळे ते पाणी महाग. प्रोटॉन आत शिरतो, न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो, ऑक्सिजनचा फ्लोरिन होतो. आपल्याकडे वैद्यकीय कामासाठी पहिलं सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झालं. आज मोठ्या शहरांत अशी केंद्रं आहेत, पण घड्याळ सगळ्यांना तेच.

यातून चित्र कसं दिसतं ते थोडक्यात सांगतो. मोडताना हा फ्लोरिन एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे धनभाराचा इलेक्ट्रॉन. जेमतेम मिलिमीटरभर जाईपर्यंत त्याला साधा इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. स्कॅनरचं कडं हे दोन्ही किरण एकाच क्षणी पकडतं आणि त्यांच्यामधून रेघ मारतं. अशा लाखो रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपका उजळतो.

मला यातला खरा खुमासदार भाग वाटतो तो साखरेच्या फसवणुकीचा. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात. एफडीजी ग्लुकोजसारखंच दिसतं, म्हणून पेशी ते आत घेते. आत गेल्यावर हेक्झोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसलेला रेणू पेशीबाहेर सहज पडू शकत नाही. नेहमीचं ग्लुकोज पुढच्या टप्प्याला जातं, पण त्या टप्प्याला दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन लागतो आणि तिथे तर आपण फ्लोरिन बसवलेला. पुढचा रस्ता बंद, मागचाही बंद. "डेपोत शिरली, पंच झाली, आणि गेटला कुलूप," मामा म्हणाले. अगदी तसंच.

मामांच्या सदऱ्याच्या खिशात रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. पित्ताची पँटोप्राझोल, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन, मधुमेहाची सिटाग्लिप्टिन. मी तिन्ही बाकावर मांडल्या. पहिलीच्या रेणूत फ्लोरिनचे दोन अणू, दुसरीच्या एक, तिसरीच्या चक्क सहा. हा फ्लोरिन साधा, १९ चा, न मोडणारा. बाजारातल्या साधारण दर पाच औषधांपैकी एकात तो सापडतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, फ्लुऑक्सेटिन यांच्या तर नावातच तो डोकावतो.

औषधवाल्यांना याचं इतकं वेड का? पहिलं कारण मजबुती. कार्बनला जे जे एकेरी बंधानं जोडता येतं त्यात फ्लोरिनचा बंध सर्वांत भक्कम गणला जातो. दुसरं कारण आकार. हायड्रोजनपेक्षा तो थोडासाच मोठा, त्यामुळे हायड्रोजनच्या जागी बसवला तरी रेणूचं माप फारसं बदलत नाही. आपलं यकृत औषधाच्या रेणूला ठरावीक जागी पकडून तोडतं. नेमक्या त्या जागी फ्लोरिन बसवा, यकृताचे दात तिथे लागत नाहीत. कोलेस्टेरॉलवरच्या इझेटिमाइबचं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळे देतात. त्याच्या आधीच्या रेणूला शरीर कुठे कुठे कुरतडतं हे पाहिलं गेलं, त्यातल्या दोन जागा फ्लोरिननं बुजवल्या, आणखी एकदोन बदल केले, आणि आज १० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसभर पुरते.

कधी मात्र फ्लोरिन नुसता पहारेकरी नसतो. १९५७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी ५-फ्लोरोयुरॅसिल पुढे आणलं. युरॅसिल हा पेशीच्या कामाचा रेणू. पेशीला डीएनएसाठी लागणारा थायमिनचा घटक तयार करायचा असतो तेव्हा एक विकर युरॅसिलच्या पाचव्या जागेवरचा हायड्रोजन काढून तिथे मिथिल गट बसवतं. हायडेलबर्गरांनी त्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन ठेवला. विकर नेहमीसारखं चिकटतं, खेचायला जातं, फ्लोरिन सुटत नाही. किल्ली कुलपातच मोडावी तसं विकर जाम होतं, आणि भराभर वाढणाऱ्या पेशीला डीएनए मिळेनासा होतो. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, आतड्याच्या कर्करोगात हे औषध आजही दिलं जातं. त्याच्याही आधी, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जोसेफ फ्राइड आणि एमिली सॅबो यांनी हायड्रोकॉर्टिसोनमध्ये एक फ्लोरिन घालून त्याचा जोर सुमारे दहापट वाढवून दाखवला होता. औषधांत फ्लोरिन घालायची हिंमत लोकांना खरी तिथून आली.

मग अडचण काय? फ्लोरिन जमिनीत भरपूर आहे. पण सजीवांनी त्याच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. कार्बनला फ्लोरिन जोडलेले नैसर्गिक रेणू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दक्षिण आफ्रिकेत गिफब्लार नावाचं एक झुडूप आहे, त्याच्या पानांत फ्लोरोॲसिटेट असतं आणि ती खाऊन गुरं मरतात. फ्लोराइडपासून थेट कार्बन-फ्लोरिन बंध घडवणारं विकर तर २००२ पर्यंत कोणाला माहीतच नव्हतं. ते स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात डेव्हिड ओहेगन यांच्या गटाला मातीतल्या एका जिवाणूत सापडलं.

सजीवांनी पाठ का फिरवली, तर पाण्यामुळे. फ्लोराइड हा लहानसा, ऋणभाराचा आयन. पाण्यात पडला की गुळाला मुंगळे लागावेत तसे पाण्याचे रेणू त्याला चोहीकडून लगडतात. मग तो कार्बनपर्यंत पोचतच नाही. आणि सजीव म्हणजे तर पाण्याची पिशवी. बरं, सगळे मुंगळे झटकून कोरडं फ्लोराइड घ्यावं तर ते दुसऱ्या टोकाला जातं. ते इतकं हावरं होतं की कार्बनला जोडून घेण्याऐवजी शेजारच्या रेणूतला हायड्रोजनच ओरबाडतं आणि रेणूची वाट लावतं. ओलं असलं की आळशी, कोरडं असलं की भांडकुदळ. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक नव्या युक्त्या या दोन टोकांमधली जागा शोधण्यासाठी आहेत.

फ्लोराइड सोडून फ्लोरिन वायूच वापरला तर? तो वायू वेगळा काढण्याच्या नादात एकोणिसाव्या शतकात काही रसायनतज्ज्ञांचे जीव गेले. २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांना तो पहिल्यांदा हाती लागला. त्यांनी प्लॅटिनमचं भांडं शून्याखाली कितीतरी थंड ठेवून त्यातून वीज सोडली होती. वायू खरंच फ्लोरिन आहे का हे पाहायला त्यांनी सिलिकॉन पुढे धरलं, ते आपोआप पेटलं. १९०६ चं नोबेल त्यांना मिळालं आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ते वारले. हा वायू औषधाच्या नाजूक रेणूवर सोडणं म्हणजे टाचणी बसवायला घण आणणं.

म्हणून मधली माणसं लागतात. माझा स्वतःचा संबंध आला तो डास्टशी. नाव ऐकून हसू नका, हे द्रव १९७० च्या दशकात आलं आणि ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी काढून तिथे फ्लोरिन बसवण्यात पटाईत आहे. पण ९० अंशांच्या आसपास तापलं तर फुटतं, आणि ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोजन फ्लोराइड सोडतं. पहिल्याच आठवड्यात मी एक चूक केली. उरलेला माल काचेच्या फ्लास्कमध्ये ठेवून जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर स्वच्छ काचेची दुधी काच झालेली, बाथरूमच्या खिडकीला असते तशी. हायड्रोजन फ्लोराइड काचही खातं. तेव्हापासून प्लास्टिकची बाटली, आणि कोटाच्या खिशात कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब. त्या आम्लाचा थेंब कातडीवर पडला तर सुरुवातीला दुखतही नाही. ते आत झिरपतं आणि हाडामांसातलं कॅल्शियम धरून ठेवतं. मलमातलं कॅल्शियम पुढे करून त्याची भूक तिथेच भागवायची असते. ही कॅल्शियमची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९२ मध्ये सिलेक्टफ्लोर आलं. मँचेस्टरच्या एरिक बँक्स यांनी फ्लोरिनला नायट्रोजनच्या खुंटीला बांधलं. पांढरी पूड, बाटलीतून चमच्यानं काढा, तराजूवर तोला. ज्यानं कधी फ्लोरिन वायूची नळी हाताळली आहे त्यालाच याची किंमत कळेल. त्याच सुमारास, म्हणजे १९८९ मध्ये, बंगळुरूत जन्मलेले सूर्य प्रकाश आणि त्यांचे गुरू जॉर्ज ओलाह यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतून तीन फ्लोरिन लागलेला कार्बन एका झटक्यात जोडायची रीत आली. रुपर्ट-प्रकाश अभिकारक हे नाव आता या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं.

सर्वांत चिवट ठरलं ते बेंझिनचं कडं. औषधांतला फ्लोरिन बऱ्याचदा अशाच सहा कार्बनांच्या कड्यावर बसलेला असतो. कड्याभोवती इलेक्ट्रॉनांचा ढग, फ्लोराइडही ऋणभाराचं, म्हणजे दोघंही एकमेकांना ढकलणार. १९२७ सालची बाल्झ-शीमान रीत होती, पण तिच्यात एक असा क्षार सुकवून तापवावा लागे जो कधी भडकेल याचा नेम नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या स्टीफन बुकवाल्ड यांच्या गटानं पॅलेडियम या धातूला दलाल केलं. पॅलेडियम एका हातानं कडं धरतं, दुसऱ्या हातानं फ्लोराइड, आणि दोघांची गाठ घालून बाजूला होतं. हे बाजूला होणंच वर्षानुवर्षं जमत नव्हतं, पॅलेडियम फ्लोरिनला सोडायलाच तयार नसे. शेवटी पॅलेडियमला असा एक अवजड रेणू चिकटवला की दाटीवाटीनं त्याला हात सोडावाच लागला. गर्दीच्या गाडीत उभा राहिलेल्या कुणालाही हे तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही.

"मग आत तेच करतायत का?" मामांनी विचारलं.

नाही, आणि इथे गोष्ट आणखी अवघड होते. फ्लोरिन-१८ चं एफडीजी पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते ऑगस्ट १९७६ मध्ये. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ते बनवलं, विमानानं फिलाडेल्फियाला नेलं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्वयंसेवकांना टोचलं. तेव्हा फ्लोरिन वायूचाच मार्ग होता. वायूच्या रेणूत दोन अणू असतात, साखरेला लागतो एक, म्हणजे निम्मा माल सुरुवातीलाच वाया. शिवाय वायू हाताळता यावा म्हणून त्यात साधा फ्लोरिन मिसळावा लागे, मग भेसळ आलीच.

१९८६ साली जर्मनीतल्या युलिश इथे हामाखर, कोएनन आणि श्टोकलिन यांनी फ्लोराइडचाच मार्ग मोकळा केला, आणि तळघरातलं यंत्र आजही मुख्यतः त्याच मार्गानं चालतं. सायक्लोट्रॉनमधून आलेलं पाणी एका छोट्या गाळणीतून जातं. फ्लोराइड तिथे अडकतं, महागडं पाणी पुढे निघून जातं. मग पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणानं ते फ्लोराइड सोडवून घेतात. त्याबरोबर क्रिप्टोफिक्स नावाचा पिंजऱ्यासारखा रेणू असतो. पोटॅशियम त्या पिंजऱ्यात जाऊन बसतं आणि फ्लोराइड मोकळं पडतं. अशा पिंजऱ्यांची कल्पना झाँ-मारी लेन यांची, १९८७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच. मग येतं ॲसिटोनायट्राइल. ते घालून तापवलं की जाताना पाण्यालाही बरोबर घेऊन उडून जातं. दोनदा-तीनदा हे केलं की फ्लोराइड पुरेसं सुकतं. त्यानंतरच साखरेचा तयार ठेवलेला रेणू आत सोडायचा.

सकाळची बॅच इथेच फसली होती. पाणी राहिलं, मुंगळे सुटले नाहीत, औषध नीट जमलं नाही.

आता एक गोष्ट बघा. मामांच्या नसेत जाणारं एफडीजी मिठाच्या एका कणाहून हलकं असतं. फ्लोराइड इतकं थोडं, आणि बाकी सगळी रसायनं त्याच्या हजारो पट. मी कंपनीत करायचो त्या बहुतेक रीती इथे कुचकामी. तिथे माझ्याकडे फ्लोरिन भरपूर आणि रेणू मौल्यवान, इथे उलटं. तिथे रात्रभर ढवळत ठेवता येई, इथे अर्ध्या तासात उरकायचं. आणि सिलेक्टफ्लोरसारखी पूड आधी बनवायची तर घड्याळ त्यातच संपतं. म्हणजे रीत अशी हवी की सुरुवात फ्लोराइडपासून, काम मिनिटांत, आणि फ्लोरिन अगदी शेवटी. वरणाला वरून फोडणी देतात तशी, सगळा रेणू शिजून तयार, शेवटच्या क्षणी फ्लोरिन.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतली मोठी धडपड ही वरून फोडणी देण्याची आहे. टोबियास रिटर यांच्या गटानं, आधी हार्वर्डमध्ये आणि नंतर जर्मनीतल्या म्युलहाइममध्ये, २०११ साली पॅलेडियमच्या मदतीनं फ्लोराइडचा स्वभावच उलटा करून दाखवला. ऋणभाराच्या फ्लोराइडकडून धनभाराच्या फ्लोरिनचं काम करून घेतलं. २०१६ मध्ये त्यांनी फिनॉलच्या कड्यावरचा ऑक्सिजन काढून तिथे थेट फ्लोरिन-१८ बसवला. २०१४ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या व्हेरोनिक गुव्हर्नर, आणि मिशिगनमध्ये मेलानी सॅनफर्ड व पीटर स्कॉट यांनी तांब्याला कामाला लावलं. रेणूवर फ्लोरिनची जागा आधी बोरॉननं राखून ठेवायची, रुमाल टाकून एसटीत सीट धरतात तशी. शेवटी तांबं रुमाल उचलतं आणि फ्लोरिनला बसवतं. यामुळे पार्किन्सनच्या तपासणीत लागणाऱ्या फ्लोरोडोपासारखा रेणू, जो बहुतेक जण फ्लोरिन वायूतूनच बनवत, तो फ्लोराइडपासून करता येऊ लागला. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनासाठी, हृदयाच्या रक्तपुरवठ्यासाठी आता वेगवेगळे फ्लोरिन-१८ चे रेणू मंजूर झालेले आहेत. एफडीजीचं एक दुखणं असं की मेंदू आणि हृदय साखर खातातच, त्यामुळे ते भाग तसेही उजळलेले दिसतात. तिथलं बारीक काही पाहायचं तर वेगळा रेणू लागतो.

साडेबाराच्या पुढे दार उघडलं. दुसरी बॅच लागली होती. आम्लता, शुद्धता, क्रिप्टोफिक्सचा अंश राहिला आहे का, अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायची ती ११० मिनिटं, बरोबर येतं का, हे सगळं तपासून. जंतू वाढतात का ही चाचणी मात्र १४ दिवस चालते, आणि तिचा निकाल येईतो औषध कधीचंच संपलेलं असतं. ही तपासणी म्हणजे गाडी मुक्कामी पोचल्यावर ब्रेक बघणं आहे, असं मी मामांना मुद्दाम सांगितलं नाही.

शिशाच्या जाड डब्यातून सिरिंज आली, दोन मिनिटांत टोचून झाली. मग मामांना मंद उजेडाच्या खोलीत पांघरूण घालून तासभर निजवलं. बोलायचं नाही, फोन नाही, च्युइंगमही नाही, कारण ज्या स्नायूला काम पडेल तो साखर खाणार आणि चित्रात उजळणार. जबड्याला विश्रांती हवी. मामांना तासभर गप्प बसवणारं दुसरं औषध मी पाहिलेलं नाही.

मी बाहेर बसलो आणि मनात गोष्टीचं दुसरं टोक आलं, ते मामांना सांगायचं राहून गेलं होतं. एवढा साधा फ्लोरिन येतो कुठून? एका दगडातून. फ्लोरस्पार, म्हणजे कॅल्शियम आणि फ्लोराइड. आपल्या शेजारी गुजरातेत छोटाउदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगरला त्याच्या खाणी आहेत. पित्ताच्या गोळीतला फ्लोरिन असो की न चिकटणाऱ्या तव्यावरचा, मूळ बहुतेक असाच दगड. तो दगड फोडायची रीत शंभराहून जास्त वर्षं तीच आहे. दगडाची पूड, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, २०० अंशांच्या वर उष्णता, आणि त्यातून निघणारं हायड्रोजन फ्लोराइड. माझा फ्लास्क खाणारं तेच, पण इथे टँकरनं.

२०२३ मध्ये गुव्हर्नर यांच्या गटानं हा टप्पाच टाळला. दगड आणि पोटॅशियम फॉस्फेट एका भांड्यात, पोलादी गोळ्यांसोबत, आणि जोरानं हलवायचं. पाटा-वरवंटाच म्हणा. फॉस्फेट कॅल्शियमला धरतं, फ्लोराइड पोटॅशियमच्या वाट्याला येतं, आणि जी पूड मिळते ती थेट रेणूला फ्लोरिन जोडायला चालते. कल्पना सुचली ती आपल्या हाडांवरून आणि दातांवरून, तेही कॅल्शियम फॉस्फेटचेच बनतात. पुढच्या वर्षी त्याच गटानं चक्क पाण्यात, ५० अंशांच्या आत, ऑक्झॅलिक आम्लानं दगड उकलला. त्यात खाली बसतं ते कॅल्शियम ऑक्झॅलेट. बहुतेक मुतखड्यांत हेच असतं, आणि अळू नीट शिजलं नाही तर घसा खाजवतो तोही याच्याच सुयांनी. माझ्या खिशातल्या मलमाचं तत्त्व उलट वापरलंय. मी फ्लोराइडला भुलवायला कॅल्शियम द्यायचो, त्यांनी कॅल्शियमला भुलवायला दुसरा जोडीदार दिला.

हे कारखान्यात टनावारी चालेल तेव्हा खरं. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना प्रयोगशाळेतला प्रत्येक चमचा उद्याचा टँकर वाटतो, ती आमची खोड आहे. आणि फ्लोरिनचा भक्कम बंध, ज्याचं मी इतका वेळ कौतुक केलं, तो औषधाबाहेर डोकेदुखी आहे. तव्यावरचा थर, आग विझवणारा फेस, जलरोधक कापड, यांतली फ्लोरिनची काही संयुगं माती-पाण्यात वर्षानुवर्षं मोडत नाहीत. युरोपात त्यांच्यावर सरसकट बंधनं आणायची चर्चा सुरू आहे, आणि औषधांना त्यातून किती वगळायचं यावर वाद आहे. माझं मत विचाराल तर गोळी आणि तवा एका तराजूत नकोत.

स्कॅन अडीचच्या सुमारास संपला. खालच्या कँटीनमध्ये मामांनी दोन वडे सांबार मागवले. अंगातून किरण निघत असतात म्हणून आजचा दिवस नातीला उचलून घ्यायचं नाही हे सांगून ठेवलं होतं, त्यावर ते जरा खट्टू होते. मी हिशेब सांगितला, उद्या सकाळी सातला अंगातल्या या फ्लोरिनचं हजारात एक उरेल.

"ते ठीक," ते म्हणाले. "पण ती डेपोत अडकलेली साखर? तिचं काय?"

हे मी खरं तर शेवटासाठीच राखून ठेवलं होतं. फ्लोरिन-१८ मोडतो तेव्हा त्याचं काय होतं, तर ऑक्सिजन होतो. ज्या ऑक्सिजनपासून सायक्लोट्रॉननं तो बनवला होता, तोच परत, वस्तुमान १८ चा. दुसऱ्या कार्बनवर, जिथे ऑक्सिजन नाही म्हणून रस्ता बंद होता, तिथेच तो येऊन बसतो. आसपासच्या पाण्यातून एक हायड्रोजन उचलतो, आणि रेणू होतो साधं ग्लुकोज, फॉस्फेटचा शिक्का आधीच बसलेलं. पुढचा टप्पा मोकळा. पेशी ते नेहमीच्या साखरेसारखं खाऊन टाकते.

मामांनी वड्याचा तुकडा सांबारात बुडवला. "म्हणजे गेट उघडतं."

"उघडतं. ११० मिनिटांत निम्म्या गाड्या सुटतात."

"वेळेवर म्हणायच्या," ते म्हणाले, आणि चहा सांगितला.